साधं हॉटेल

आमच्या शाळेच्या ग्रुपमध्ये नौपाड्याला राहणारी एक मैत्रीण आहे. गेट-टुगेदरचं हॉटेल ठरवायची वेळ आली की ती आधी म्हणते, "अगं, मला काय, काहीही चालतं!" मग एकेक हॉटेल मोडीत काढते. एकात एसी नाही, दुसऱ्याच्या खुर्च्या प्लास्टिकच्या, तिसऱ्याच्या दारात गाडी लावायला जागा नाही. "माझ्यासाठी नाही गं, बाकीच्यांचा विचार करून सांगते."

यंदा मी हट्टाने डोंबिवलीतलं साधं थाळीचं हॉटेल ठरवलं. आमची दिवा स्टेशनजवळ राहणारी मैत्रीण दर वेळी काहीतरी सबब सांगून यायचं टाळायची. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. या वेळी मात्र तिने लगेच होकार कळवला. नौपाडावालीही चक्क "छानच!" म्हणाली, आणि संध्याकाळी तिने ग्रुपवर लिहिलं, "आपल्या दिव्याच्या मैत्रिणीला परवडावं म्हणून हे हॉटेल घेतलंय हं. कुणी नावं ठेवू नका."

थोड्याच वेळात दिव्याहून निरोप आला. त्या दिवशी तिच्याकडे पाहुणे येणार होते.

जेवताना नौपाडावालीने दुसऱ्यांदा बासुंदी वाढून घेतली आणि मला म्हणाली, "बघ, तिच्यासाठी इतकं केलं आपण. पण लोकांना किंमतच नसते गं."