जनरलच्या मागे आई

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही नाही. पण भिंतीवरच्या एका फ्रेमपुढे माझी इंजिनिअरिंगची डिग्री कामाला येत नाही, म्हणून हे लिहितोय.

२००९ साल, कॅनडातल्या ग्वेल्फमधलं आमचं घर. एका गराज सेलमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, अमेरिकन क्रांतियुद्धातल्या सेनापतींची चार छापील चित्रं घेतली होती — खरं तर फ्रेमच्या मोहानं. आई गेल्यावर बाबा नागपूरहून आमच्याकडे आले. सोबत आईचा एकुलता एक मोठा फोटो. तो एका फ्रेममध्ये नेमका बसला. आपल्याकडे काही टाकून देत नाहीत... पांढऱ्या केसांच्या टोपाचा जनरल मी मागेच राहू दिला, पाठीला टेप चिकटवली आणि वर चंदनाचा हार घातला. बाबा रोज आधी तिला चहा दाखवायचे, मग स्वतः प्यायचे.

एका रविवारी मित्रमंडळी जेवायला आली आणि माझी मुलगी ओरडली, "डॅड, व्हेअर'ज आजी?"

हारात जनरल! फ्रेम उतरवली. टेप जशीच्या तशी. उघडली, तर आई त्याच्या मागे.

"अहो, तुम्हीच उलटं लावलं असेल," बायको म्हणाली. मग इतके दिवस बाबा चहा कुणाला दाखवत होते?

फोटो नीट लावला. पुढच्या वेळी पाहुणे आले... पुन्हा जनरल! बाबांनी चहाचा कप बाजूला सारला. "तिचं तोंड दिसल्याशिवाय घोट उतरत नाही रे." मला फार वाईट वाटलं, आणि भीतीही.

पाहुणे गेल्यावर बाबा फ्रेमपुढे उभे राहिले. "अगं, गेले सगळे. ये बाहेर."

मी चहा टाकून आलो तोवर आई समोर होती. मी फ्रेमला हात लावला नव्हता. बाबांचा खांदा आखडलेला, त्यांचा हात फ्रेमपर्यंत पोचतच नव्हता.

"परक्यांसमोर एकटी कधी यायची नाही ती," बाबा डोळे पुसत म्हणाले. "मी पाठीशी असलो तरच."

२०१२ च्या हिवाळ्यात बाबाही गेले. मी जनरलला काढून बेसमेंटमध्ये ठेवलं आणि त्याच्या जागी, आईच्या मागे, बाबांचा फोटो सरकवला. तेराव्याला घर माणसांनी भरलं. माझं लक्ष सारखं त्या फ्रेमकडे.

कसं, का, मला काही कळत नाही. पण त्या दिवशी आई जागची हलली नाही.