घरजावई कोणत्या गावाकडून खेळणार?

मंडळी, वाचून झाल्यावर हे पान शेजारच्या घरी द्यावे.

प्रथम तक्रार. आज दुपारी शहापूरच्या फुटबॉल मंडळाच्या बैठकीत माझ्या वाटणीचा चहा कोणीतरी पिऊन टाकला. या पातकाला धर्मशास्त्रात प्रायश्चित्तसुद्धा सापडत नाही.

आता मुद्दा. उद्या मुरबाडशी सामना आहे, आणि आपला सर्वांत चपळ गडी दत्तू जन्माने मुरबाडचा. लग्न झाल्यापासून तो इथे घरजावई म्हणून राहतो.

"तो आपला नाय, गुरुजी!" मंडळातले आप्पा कडाडले. "मुरबाडचं पोर मुरबाडवर गोल मारील का?"

मी म्हटले, "इटलीच्या संघात अर्जेंटिनात जन्मलेले खेळाडू होते. तो संघ जगज्जेता झाला."

"इटलीचं आमाला सांगू नका."

"बरं. तुमची सून कुठली?"

"टोकावड्याची."

"मग ती रोज भात कोणाच्या घरी रांधते?"

सगळे हसले, शेवटी आप्पाही हसले, आणि दत्तूचे नाव पक्के झाले.

कोपऱ्यात बसलेला दत्तू मात्र हसला नाही. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "गुरुजी, गोल मारला तर आईच्या दारात कसा जाऊ? नाय मारला तर इथं कसा राहू?"

उद्या तो खेळणारच, यात बदल नाही. त्याने गोल मारला तर त्याच्या आईची समजूत घालायला मी स्वतः मुरबाडला जाईन. पण गोल चुकला तर तुमची समजूत कोण घालणार, याची मला खरोखर काळजी वाटते.