जिना धुण्याची पाळी

एल्साआजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या वाटेवर ट्रेनमध्ये होते. तळमजल्यावरची जीन म्हणाली, "झोपेतच गेली गं." आणि माझ्या मनात पहिलं काय यावं? या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तिची होती...

ग्लासगोच्या आमच्या जुन्या दगडी इमारतीत जिना सगळ्यांनी आळीपाळीने धुवायचा. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला पुठ्ठ्याची पाटी अडकवायची. माझ्या समोरच्या दारावर, म्हणजे एल्साआजीच्या, ती आठवडाभर नुसती लटकायची आणि पायऱ्या तशाच मळक्या. मी पडले पुण्याची, मला कुठलं राहवतंय! नवीन असताना एका शनिवारी म्हटलं, म्हातारी आहे बिचारी, आपणच उरकून टाकू. गुडघे टेकून पायऱ्या पुसायला लागले, तोच दार उघडलं आणि ती किंचाळली, "ऊठ! आधी ऊठ!" दंडाला धरून तिने मला उभंच केलं. पंचाहत्तरी उलटलेली बाई, पण पकड काय होती!

मग तिच्या स्वयंपाकघरात चहा पिताना सगळं कळलं. हिटलरचे लोक व्हिएन्नात शिरले तेव्हा ती नऊ वर्षांची ज्यू मुलगी होती. आधी वर्गात मागचा बाक, मग शाळाच बंद. बागेत बसायला बंदी. वडिलांच्या टोप्यांच्या दुकानावर रंगाने शिव्या. आणि एके सकाळी वडिलांना भर रस्त्यात गुडघ्यांवर बसवून फरसबंदी घासायला लावली. बादलीतल्या पाण्यात काहीतरी जहाल मिसळलेलं होतं, हात सोलून निघाले. ती बादली शेजारणीने आणून दिली होती, आणि शेजारणीची ग्रेटा, एल्साची जिवलग मैत्रीण, टाळ्या पिटत होती. पुढे ज्यू मुलांना वाचवून ब्रिटनमध्ये आणणाऱ्या खास आगगाडीने एल्साला एकटीलाच इकडे धाडलं. आईवडील मागे राहिले ते राहिलेच... छळछावणीतून कोणी परत आलं नाही.

म्हातारपणी ग्रेटाने कुठून तरी पत्ता मिळवला आणि माफीचं पत्र धाडलं. आजीने उत्तर दिलं, "ये. माझ्या पाळीचा जिना गुडघ्यांवर बसून धू. मग बोलू." ग्रेटा आली नाही. दर नाताळाला चॉकलेटं मात्र यायची, ती आजी न उघडता कचऱ्यात टाकायची. पायऱ्या तिने ग्रेटासाठीच राखून ठेवल्या होत्या.

एकदा मी शहाणपणा केला. "आजी, द्या ना सोडून. माफ केलं की आपल्यालाच हलकं वाटतं."

"तुझ्या बापाला घासायला लावली होती का फरशी? नाही ना? मग गप्प बस."

महिनाभर बोलली नाही माझ्याशी. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, बरोबर होतं तिचं. मेलं ते हलकं वाटणं!

यंदाचं नाताळचं पार्सल जीनने 'त्या वारल्या' असं लिहून परत पाठवलं. गेल्या आठवड्यात ग्रेटाचं पत्र आलं, समोरच्या शेजाऱ्यांसाठी. 'एल्साने शेवटी मला माफ केलं होतं का? खोटं सांगितलंत तरी चालेल. मी फार आजारी आहे.'

दोन दिवस ते पत्र टेबलावर होतं. एक ओळ लिहायची, काय जात होतं माझं? पेनसुद्धा हातात घेतलं. मग समोर गेले. सहा आठवडे आजीच्या दारावरची पाटी काढायला कुणाचाच हात धजला नव्हता. ती मी काढली, पाकिटात घातली आणि व्हिएन्नाला पोस्ट केली. सोबत चिठ्ठी जोडली नाही. पाटीवर लिहिलेलंच होतं : या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची.