माझ्या भाषणातला धूर

आता हे सांगावं की गिळून टाकावं, तेच कळत नाही. पण काष्टीच्या बाजारात कुणीतरी मीठमसाला लावून तुम्हाला सांगणारच, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, आणि मधेच हसू नका.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. त्यामुळे हवामान बदलावर पंचक्रोशीत माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं माझं स्वतःचं मत होतं. त्या भरात मी ग्रामसभेत ठराव आणला. उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला वाळका पाला असो, नाहीतर बांधावरचं गवत, गावात काहीही पेटवायचं नाही. जो पेटवील त्याचं नाव पंचायतीच्या फळ्यावर! सभा झाली की सगळ्यांनी माझ्या शेतात यायचं, असंही ठरलं होतं. ऊस तुटून गेल्यावर मी पाचट न जाळता सरीत तसंच अंथरलं होतं, ते मिरवायचं होतं ना.

विरोध एकट्या सुमनकाकूंचा. त्यांची लिंबाची बाग माझ्या बांधाला लागूनच आहे. लेकरासारखी वाढवलेली झाडं, आणि यंदा त्यांना पहिल्यांदाच लिंबं लागलेली.

"ऊन-पाऊस काय मानसाच्या हातात हाय व्हय, सर?" काकू म्हणाल्या. "अन् बंदीच घालायची तर सरकारनं पाचट बारीक करायचं मशीन द्यावं आधी. नुसती फळ्यावर नावं लिहून काय हुतंय?"

झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला. ध्रुवावरच्या बर्फापासून कारखान्यांच्या धुराड्यांपर्यंत सगळं जग मी पंचायतीसमोरच्या पटांगणात आणून ओतलं. सगळं माणसाच्या हातानं झालंय आणि सरकारचं काम धाक दाखवायचं, मशीन वाटायचं नाही, असंही ठोकून दिलं. लोक जांभया देत होते. तेवढ्यात मला ओढ्यापलीकडे धूर दिसला.

तुम्हीच सांगा, भाषण करणाऱ्याला याहून चांगला पुरावा कुठे मिळणार?

मी बोट दाखवून म्हणालो, "बघा, इथं ठराव चाललाय आणि तिकडं कुणीतरी पेटवलंच. काकू, धूर तुमच्याच बाजूला दिसतोय." वर सरपंचांना म्हणालो की नाव लगेच घ्या, भीडभाड ठेवू नका.

"माझी लिंबं," काकू एवढंच म्हणाल्या, पदर खोचला आणि पळत सुटल्या. त्यांच्या मागे गाव निघालं. गावाच्या पुढे मी, गुन्हेगार पकडायला.

ओढा ओलांडला आणि बघतो तर काय! धूर माझ्याच बांधावरून निघत होता. सकाळी मीच तिथे काडी लावली होती. लोक शेत बघायला येणार, तर बांध कसा स्वच्छ दिसायला हवा! आमच्या घरात आजोबांपासून बांध असाच साफ करतात. माझा हात आपोआप खिशातल्या काडेपेटीकडे गेला आणि आपण काही जाळतोय असं मनातसुद्धा आलं नाही. वरवर पायानं तुडवून, विझलं असं धरून, मी भाषणाला निघून आलो होतो. मग वाऱ्यानं ती आग आधी माझ्या त्या नावाजलेल्या पाचटात नेली आणि तिथून काकूंच्या बागेत.

पंचायतीचा टँकर वेळेवर पोचला म्हणून बाग वाचली. तरी कडेची झाडं होरपळली, ठिबकच्या नळ्या वितळून गेल्या. काकू एकेका फांदीला हात लावून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काडी मीच लावली, हे सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

मग काकू माझ्याकडे वळल्या.

"सर, तुमचं म्हननं पटलं मला. मानसाचाच हात हाय."

ठराव तिथेच, बांधावर उभ्या उभ्या, एकमतानं मंजूर झाला. सोबत सरकारकडे मशीन मागायचा काकूंचा ठरावही झाला, आणि त्याला पहिला हात मी वर केला. नळ्या मी नव्या टाकून दिल्या. होरपळलेल्या झाडांना अजून सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो, पण काकूंच्या नजरेला नजर देववत नाही.

आणि फळ्यावरचं पहिलं नाव? ते मलाच लिहावं लागलं. पंचायतीच्या फळ्यावर लिहायला गावात पहिल्यापासून मलाच बोलावतात, माझं अक्षर लांबून वाचता येतं म्हणून.