मागचं मी बघून घेतो

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, याचाही गोंधळ होतो. पडेगावच्या शिवारातलं हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं, आणि आठवलं की त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. कारखाने येऊ लागल्यापासून दौलताबाद रस्त्याकडच्या जमिनींना भाव चढला होता. एका सकाळी ठाण्यातली हजेरी संपत होती, तेवढ्यात गावचे पोलीस पाटील धापा टाकत आले. एक म्हातारा मेंढपाळ शेतात पडलेला सापडला होता. डोक्यात मागून घाव बसला होता. जीव होता, शुद्ध नव्हती.

नावं लिहीत नाही. म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. ज्या शेतात तो पडला होता, त्या शेताच्या मालकाला बापू अशी आबाची हाक असे. बापूच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी आबाला बांधालगत झोपडी आणि मेंढरांचा वाडा घालायला जागा दिली होती, निव्वळ शब्दावर. सुगी आटोपली की मेंढरं बापूच्या शेतात बसत आणि जमिनीला खत मिळे. बापू लहानपणी आबाच्या खांद्यावर बसून शिवार हिंडलेला होता.

मेंढरं चोरायला कोणीतरी आलं असणार, असं गावाने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. आबाला सरकारी दवाखान्यात पाठवून मी पंचनाम्याला गेलो. आबाची म्हातारी वाड्यापाशी बसून होती. किती मेंढरं गेली, असं मी विचारलं.

"एक बी गेलं नाय साहेब," ती म्हणाली. "सगळी हायेत. माणूसच तेवढा गेला."

"जिवंत आहे गं आजी," मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुपारी नाक्यावरच्या चहावाल्याने खबर दिली. हा गडी अर्ध्या शिवाराच्या बातम्या चहाबरोबर फुकट वाटायचा. बापूचा मेहुणा आदल्या दिवशी त्याच्या हॉटेलात बाक बडवून ओरडत होता म्हणे, "आमच्या दाजीला जिवं मारायची धमकी देतो काय म्हातारा! बघतोच त्याला!" संध्याकाळच्या आत बापू, त्याची बायको आणि मेहुणा, तिघंही ठाण्यात होते.

मी तिघांना वेगवेगळं बसवलं. आधी मेहुण्याला घेतलं. छाती काढून बोलत होता.

"आबा म्हणला, बापू, तुला जित्ता सोडत नाय. कुऱ्हाडीला धार लावून बसलाय त्यो."

"तू ऐकलंस?"

"म्या नाय ऐकलं. ताईनं सांगितलं."

कुऱ्हाडीचं म्हणाल, तर आबा तिला रोज धार लावायचा. शेळ्यामेंढरांना बाभळीचा पाला पाडायचा, तर कुऱ्हाड लागतेच. पण भ्यालेल्या माणसाला रोजची वस्तूही वेगळी दिसते.

मग बापूची बायको आत आली. "डोळं लाल करून म्हणला, तुमास्नी बघून घेतो."

"तुम्ही होतात तिथं?"

"नाय. ह्यांनी सांगितलं."

म्हणजे प्रत्यक्ष ऐकणारा एकटा बापू उरला. तो आत आला तोच विचारत, "साहेब, आबा वाचंल का?" धमकी देणाऱ्याची एवढी काळजी कुणी करत नाही. मी त्याला पाणी दिलं आणि आबा नेमकं काय म्हणाला ते विचारलं.

"बघून घेतो म्हणला."

"एवढंच? त्याआधी तुम्ही काय म्हणालात?"

"काय नाय. म्हणलं, आबा, चार दिवस लेकीकडं जातोय, लासूर स्टेशनला."

"मग? त्याचे शब्द सांगा, जसेच्या तसे."

"त्यो म्हणला, जा की निवांत बापू, मागचं मी..."

तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. चौकशीत कधी कधी गप्प बसण्याइतका चांगला प्रश्न नसतो.

"मागचं मी बघून घेतो," बापू हळूच म्हणाला. "राखणीचं म्हणत व्हता, साहेब. राखणीचं."

मग त्याने सगळं ओकून टाकलं. लासूरला तो लेकीकडे निघालाच नव्हता. तिथे जमिनीचं गिऱ्हाईक होतं. आबाची झोपडी आणि वाड्याच्या जागेसकट त्याने शेताचा सौदा ठरवत आणला होता, आणि आबाला पत्ता लागू द्यायचा नव्हता.

"काळं माझ्या मनात व्हतं साहेब. आन् मला वाटलं, ह्याला कळलंय, ह्यो आता आपला घात करणार. घरी सांगितलं तर बायको घाबरली. ती घाबरली म्हणून मला लईच भ्या वाटाया लागलं. मेहुणा भडकला, त्याला बघून मी भडकलो. चुलीपाशी तिघं बसलो अन् उठलो तवा आबा आमचा वैरी झाला व्हता."

लासूरला जाणं रद्द झालं. दिवेलागणीला मेहुणा कुदळीचा दांडा घेऊन पुढे आणि बापू मागे, असे दोघं शेतात गेले. आबा तिथे राखणीला बसला होता. घाव घालायची वेळ आली तेव्हा दांडा बापूच्या हातात होता. बापूने दाखवलेल्या जागेवरून, विहिरीच्या मागून, पंचांसमक्ष तो आम्ही जप्त केला. तपास म्हणून पाहिलं तर एका दिवसात गुन्हा उघडकीला आला होता. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला मात्र शरमल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला, आबा शुद्धीवर आहे, लवकर या. मृत्युपूर्व जबाब घ्यायला मॅजिस्ट्रेट येईपर्यंत थांबण्यासारखी अवस्था नव्हती. डॉक्टरांकडून शुद्धीवर असल्याचा दाखला घेऊन मीच जबाबाला बसलो. कुणी मारलं, असं विचारलं.

"मागनं आला साहेब, दिसला नाय. चोर असंल." बोलताना त्याला धाप लागत होती. "बापू लेकीकडं गेलाय. शेत माझ्या भरवशावर टाकून गेला अन् मी कमी पडलो. त्याचं काय गेलं का?"

"काही गेलं नाही," मी म्हणालो.

"मग बरं झालं. त्याला मधीच बोलवू नगा. लेक लई दिसांनी भेटली असंल."

मी शब्दन् शब्द लिहून घेतला. अंगठा घेताना त्याचा हात मलाच धरावा लागला. खरं सांगण्याचा धीर मला झाला नाही, आणि जाणाऱ्या माणसाला ते सांगावं असंही वाटलं नाही. संध्याकाळी आबा गेला. आम्ही खुनाचं कलम वाढवलं.

पुढच्या सगळ्या नोकरीत भांडणाची फिर्याद आली, की समोरचा काय म्हणाला हे मी नंतर विचारी. तुम्ही काय म्हणालात आणि तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं, हे आधी. पुष्कळदा फिर्यादी तिथेच अडखळे. आपल्याच पोटातलं पाप माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांत वाचतो, आणि घरचे चार जण त्याला शहाणपण सांगायचं सोडून त्याच्या भीतीत भरच घालतात. हे कळल्याने काही मारामाऱ्या मी ठाण्यातच मिटवू शकलो. पण हे शिकायला एका म्हाताऱ्याचा जीव गेला, ही सल काही जात नाही.

हर्सूलच्या जेलमध्ये रवानगी होण्याआधी बापूने आबाचा जबाब ऐकायला मागितला. मी वाचून दाखवला. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "म्या मारलं, हे त्याला सांगितलं का तुम्ही?"

मी नाही म्हणालो.

"सांगायचं व्हतं साहेब," गजांना डोकं टेकून तो म्हणाला. "मला शिव्या देऊन तरी गेला असता."