देवाजीच्या ढोलकीमागे मंडईला

सांगलीहून नागपूर आणि नागपूरहून नागभीड इतका प्रवास करून लेकीच्या दारात उतरले, तेव्हा माझी कंबर माझी राहिली नव्हती. चार दिवस पाय पसरून पडायचं ठरवून आले होते. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी व्याही धुतलेला सदरा घालून दारात उभे. शुभा म्हणाली, "आई, बाबा मंडईला निघालेत. तूही जा, मग कळेल आमच्या घरी वर्षभर कसली बडबड चालते ते."

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर या झाडीपट्टीत एकेका गावाची जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. तिथे भरदुपारी मोकळ्या मैदानात खडी गंमत होते. शाहीर, लुगडं नेसलेला नाच्या, ढोलकीवाला आणि मागे ओळ धरणारे झीलकरी, सगळे उभ्यानेच गातात, बोलतात, एकमेकांची टर उडवतात. लिहिलेलं काही नसतं. दोन पार्ट्या आलटून पालटून खेळतात, त्याला दुय्यम म्हणतात. आमचे इवाई (व्याह्यांना इकडे असंच म्हणतात) पुरुषोत्तमभाऊ आणि त्यांचे मित्र रायभानभाऊ हे दोघं केवळराम शाहिराच्या पार्टीचे भक्त. पार्टी जिकडे, हे तिकडे. त्यांच्या घरच्यांनी केव्हाच हात टेकले आहेत.

रायभानभाऊंच्या पुतण्याच्या जीपमधून निघालो. दोन्ही बाजूंना बांध्यांमध्ये (बांध घातलेल्या धानाच्या शेतांत) कापलेल्या धानाचे कडपे वाळत पडले होते. मध्येच साग-मोहाचं जंगल लागे आणि जीप जरा जोरात पळे. परतायचं ते उजेडीच, हे निघतानाच ठरलं होतं, कारण त्या रस्त्यावर वाघीण पिल्लं घेऊन फिरते. हे त्यांनी मला रस्त्यात खड्डे आहेत म्हणावं तितक्या सहज सांगितलं. मी मात्र पुढचा अर्धा रस्ता पदर मुठीत धरून बसले.

दोघांचा वाद घरापासूनच सुरू झाला होता. गेल्या हंगामात सर्वांत रंगलेली गंमत कोणती? रायभानभाऊ म्हणत, तलावाकाठची; शाहिरानं एकच ओळ इतकी घोळवली की शिंगाडेवाली विकायचं सोडून टोपलीशेजारी बसून राहिली. इवाई म्हणत, छे, ती नुसती लांबली होती. खरी रंगली ती लाइट गेली तेव्हाची, माइक बंद पडला आणि देवाजीनं ढोलकीवरच शाहिराला उलटं उत्तर दिलं ती. रायभानभाऊ सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करतात, पण घरी लावलं की खट्टू होतात. म्हणाले, "बाई, आवाज येते, गंमत नाई येत."

मी विचारलं, एकच पार्टी पुन्हा पुन्हा ऐकून कंटाळा नाही येत? दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी रोज जेवून कंटाळा येत नाही का असं विचारलं. इवायांनी समजावलं, आज काय होणार ते शाहिरालाच ठाऊक नसतं. म्हणून तर मध्येच नोट घेऊन उठणाऱ्यांचा त्यांना भारी राग. कोणी बक्षीस दिलं की गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारावं लागतं, तशी रीतच आहे. "नाव पाह्यजे तं लग्नपत्रिकेत छापा म्हणावं," ते करवादले. त्यांनी जन्मात गंमत चालू असताना बक्षीस दिलेलं नाही.

वाटेत चहाला थांबलो, तेव्हा खरी गोष्ट कळली. रायभानभाऊ खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) घ्यायला गेले, तसं इवाई हळूच म्हणाले, "देवाजीले ऐकू येत नाई आता. शाहिराच्या पायाकडे पाहून वाजवून राह्यला तो."

देवाजी ढोलकीवाला त्यांचा बालमित्र. या हंगामात हे फक्त या दोघांच्या ध्यानात आलं होतं आणि दोघांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. शाहिराला कळलं तर तो दुसरा ढोलकीवाला आणणार, त्याचा तरी काय दोष? बायको गेल्यापासून देवाजीच्या घरात त्याच्याशी बोलणारं कोणी नाही. ढोलकी सुटली तर माणूस खाटेला लागेल, असं इवायांना वाटत होतं. आणि आज समोरची पार्टी तयारीची होती, चूक लगेच पकडणारी. माझा चहा पेल्यातच निवला. मी काय कधी देवाजीला पाहिलंही नव्हतं.

मंडईत गरम वडे आणि जिलेबी खाऊन आम्ही पोत्यावर बसलो. देवाजी उंच, हडकुळा, पांढरं धोतर, कमरेला ढोलकी. नाच्यानं मुरका मारला, शाहिरानं तान घेतली आणि धान कापणीच्या वेळी बायको माहेरी निघून गेली असा विषय निघाला. कोणीतरी चुगली केली असावी, कारण शाहीर फिरत फिरत माझ्यापुढे आला आणि सांगलीच्या विहीणबाईंना गाण्यातच विचारू लागला, की तुमच्याकडच्या पोरी आमच्या धानात टिकतात कशा? सारं मैदान माझ्याकडे वळलं. मी लाजेनं लाल, तरी हसू आवरेना. देवाजीनं प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी असा टोला मारला की मी काही न बोलताही उत्तर दिल्यासारखं झालं. मला ढोलकीतलं ओ की ठो कळत नाही, पण त्या दुपारी मी पायानं ठेका धरला होता हे खरं.

इवाई मात्र हसत नव्हते. त्यांचे डोळे शाहिराच्या पायांवर होते.

शाहीर रंगात आला. बायकोला शोधायच्या निमित्तानं तो गोल फिरत झीलकऱ्यांच्या मागे गेला, देवाजीच्या पाठीशी, आणि तिथून एक ओळ उंच नेऊन कापल्यासारखी तोडली. झीलकरी थांबले, तुणतुणं थांबलं. ढोलकी एकटीच वाजत राहिली. लोकांना वाटलं हाही खेळच. पण समोरच्या पार्टीतले दोघं एकमेकांना कोपर मारून हसले. देवाजीची मान भिरभिर पाय शोधत होती.

माझ्या शेजारचं पोतं रिकामं झालं. इवाई नोट उंच धरून मैदानात चालले होते. नाच्यानं पदर पुढे केला. नोट दिसताच देवाजीचा हात थांबला, रीतीप्रमाणे थांबायलाच हवा. शाहिरानं पुरुषोत्तमभाऊंचं नाव पुकारलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. रायभानभाऊ तोंड उघडं टाकून बघत होते, मोबाइल मांडीवर उलटा.

मग दुसऱ्या पार्टीची पाळी आली आणि आमची मंडळी चहाच्या टपरीवर जमली. शाहीर एका बाकावर घाम पुसत होता. देवाजी तडक इवायांसमोर येऊन उभा राहिला.

"पुरुषोत्तम, तू गमतीत मधी कधी उठला नाई. आज काऊन उठला?"

उत्तर द्यायचं तर त्याच्या कानाशी ओरडून द्यावं लागलं असतं, आणि ते सगळ्या टपरीनं ऐकलं असतं. इवायांनी मान खाली घातली.

देवाजी त्यांच्याकडे बघत राहिला. मग आपल्या मते हळू आवाजात, पण ऐकू न येणाऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला, "मले ऐकू येत नाई, हे तुले मालूम होतं."

बाकावरच्या शाहिरानं सगळं ऐकलं. पेला ठेवला, पागोटं नीट केलं आणि निघून गेला. झालं, देवाजीची ढोलकी सुटली, असं मला वाटलं. इवायांचा चेहरा बघवत नव्हता. मला त्या क्षणी तिथून उठून शुभाच्या घरी जाऊन बसावंसं वाटलं.

पुन्हा आमच्या पार्टीची पाळी आली. दुसरा कोणी ढोलकीवाला दिसला नाही, देवाजीच उभा होता. केवळराम शाहीर मैदानात आला, सगळ्यांना नमस्कार केला आणि वळला. आमच्याकडे सरळ पाठ करून तो देवाजीच्या पुढ्यात उभा राहिला आणि त्याच्या तोंडाकडे बघत गायला लागला.

लोक खवळले. "शायर, तोंड इकडे कर," कोणी ओरडलं. एकानं तर पाठ पाहायला आलो का असं विचारलं. शाहीर हलला नाही. तो ओठ मोठे करून, हात नाचवून एकेक ओळ देवाजीला देत होता, आणि देवाजी ती ढोलकीवर घेऊन दुप्पट करून परत करत होता. मघाशी तो पायांमागे धावत होता, आता दोघं समोरासमोर भांडत होते. शाहीर तोडे तिथं ढोलकी तुटे. एकदा तर देवाजीनंच आधी तोडली आणि शाहीर ओठ उघडे ठेवून उभा राहिला, मग स्वतःच हसला.

आमच्या पुढची एक म्हातारी कुरकुरत उठली, पोतं काखेत मारलं आणि वळसा घालून झीलकऱ्यांच्या मागे जाऊन बसली. तिच्यामागून एक बिऱ्हाड गेलं. मग धूळ उडवत, शिव्या घालत, पोरं ओढत सगळेच उठले. मीही पोतं उचललं. इवाई माझ्यापुढे होते, आणि ते रडत होते हे मी पाहिलं.

परतीच्या वाटेवर जंगल लागलं तेव्हा ऊन उतरलं होतं. रायभानभाऊंनी कबूल करून टाकलं की आजची सर्वांत रंगली. इवाई म्हणाले, मध्येच ढोलकी जरा घाईत होती. मग पुढे नागभीडपर्यंत वाद.

सांगलीला परतले तेव्हा भिशीतल्या बायकांनी पहिलं विचारलं, वाघ दिसला का? नाही दिसला. मग मी त्यांना देवाजीची गोष्ट सांगितली. एकीला ती काही पटेना. म्हणाली, म्हणजे एवढ्या लांब जाऊन तुम्ही सगळ्यांनी शाहिराची पाठच पाहिलीत?

म्हटलं, नाही गं, आम्हीच उठून पलीकडे गेलो ना.