सिल्वासाच्या भट्टीत माझा मासा आणि मंगलाताईंची पाटी

भिशीच्या ग्रुपवर एकीने काचेच्या बशीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'मी बनवली.' माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच संध्याकाळी मी सिल्वासाच्या दोन दिवसांच्या काचकाम शिबिराचे साडेतीन हजार भरून टाकले. कलेची ओढ म्हणतात ती माझ्याबाबतीत एवढीच.

शनिवारी पहाटे ठाण्याहून गाडी काढली. महामार्गावर ट्रकवाले आपल्याला हिंग लावून विचारत नाहीत, तेव्हा चार तास धरून चाला. भिलाडच्या वळणावर खमण खाऊन घ्या, कारण शिबिरातलं जेवण पौष्टिक असतं. तिथून नरोलीमार्गे सिल्वासा, आणि पुढे खानवेल रस्त्यावरच्या एका बंगल्यात आमचा वर्ग.

"काचेला बोलू द्या," शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. माझी काच बोलली नाही, नको तिथे तुटली मात्र. रंगीत काच कापायची, तुकडे एकमेकांवर रचायचे, भट्टीत ते वितळून एकजीव होतात. एवढ्यासाठी आम्ही सहाजण एप्रन बांधून ऑपरेशनला उभे राहिल्यासारखे गंभीर झालो होतो. मुंबईचं एक जोडपं प्रत्येक तुकड्याचे फोटो काढत होतं. दुपारपर्यंत त्यांच्या बशीत एक त्रिकोण जमला होता. मी मासा करत होते.

"ताई, पपई करू राहिल्या का?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

या मंगलाताई, मूळच्या शिरपूरच्या. नवरा राखोलीला धाग्याच्या कंपनीत. बारा वर्षं भाड्याच्या खोलीत काढून त्यांनी घर घेतलं होतं आणि बुधवारी वास्तुशांत होती. दारावरची पाटी त्या स्वतः करत होत्या. जाड काचेवर, मेणबत्तीवर काचेच्या बारीक काड्या वाकवून दोघांची नावं, स्वतःचं आधी.

"मिस्टर म्हणे, रेडिमेड आणू. मी म्हटलं, माझं नाव मीच लिहीन."

आमच्यात खरं काम तेवढंच होतं. ते मला तेव्हाच दिसलं आणि अजिबात आवडलं नाही.

रात्रभर भट्टी चालली. रविवारी सकाळी वासोण्याच्या सफारीतले सिंह बघून आले. ते झोपले होते. दुपारी भट्टीवर तापमानाचा आकडा एकशे नव्वद.

"पन्नासच्या खाली येऊ दे," मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळ होईल."

मला परतीची गर्दी टाळायची होती. "इंचभर उघडलं तर काय बिघडतं?" मी म्हटलं. जोडप्याने री ओढली. मॅडम तरी बधेनात, तेव्हा मी हसत हसत विचारलं, "मग माझ्या प्रवासाच्या ब्लॉगवर काय लिहू तुमच्याबद्दल?"

"राहू द्या ना ओ," मंगलाताई म्हणाल्या. "मी थांबते."

त्यांचं कोणी ऐकलं नाही. मॅडमनी झाकण उचललं आणि आतून टिक असा आवाज आला. पाटी मोठी आणि जाड, गार वारा तिला सोसला नाही. मंगलाताईंच्या नावातून उभी चीर गेली होती. माझा मासा एवढासा, त्याला काहीच झालं नाही.

त्यांनी वाकून चीर बघितली. मग मला म्हणाल्या, "तुमचा निघाला ना नीट?" तो टोमणा नव्हता. मी घड्याळ बघितलं. माफीसुद्धा मागितली नाही.

तुम्ही जाणार असाल तर सोमवारची रजा टाकूनच जा. घरी पोचल्यावर सगळ्यांनी विचारलं, कसं झालं शिबिर? मी मासा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "शिकवणाऱ्या बाईंना भट्टी सांभाळता येत नाही. एका बिचारीची पाटी फोडली त्यांनी."